आधी इलाज, मग बिल्ला

आमच्या आंजीतल्या जुन्या गायकीला, म्हणजे गुराख्याला, ढोराचा नंबर कधी लागला नाही. सकाळी आखरावर ढोरं जमली की तो नुसती नजर फिरवायचा आणि सांगायचा, "वळणावरच्या घरची कबरी नाही आली आज. व्याली असंन." शिंगाचा बाक, कपाळावरचा चांद, कानाचा चिरा, मागच्या पायातली किंचित लंगड, एवढ्या खुणांवर अख्ख्या गावाची नोंदवही त्याच्या डोक्यात असे. गायकी गेला, आखर आकसलं, आणि ती नोंदवही आता मोबाइलमध्ये गेली आहे. ढोराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे, आणि त्या आकड्यांमागे 'भारत पशुधन' नावाच्या प्रणालीत मालकाचं नाव, गाव, मोबाइल नंबर, जनावराची जात, वय, झालेल्या लसी.

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार सुरू होते १ जून २०२४ पासून. त्या तारखेनंतर राज्य सरकारने सांगितलं की बिल्ला नसलेल्या जनावराला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सेवा मिळणार नाही, त्याची बाजारात खरेदी-विक्री होणार नाही, वाहतूक होणार नाही, आणि वीज पडून, शॉक लागून किंवा वाघ-बिबट्याने मारून ते दगावलं तर भरपाई मिळणार नाही. बिल्ला मला मान्य आहे. हे चार 'नाही' मान्य नाहीत.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्यासारख्या गावांत या बिल्ल्याबद्दल जेवढे गैरसमज आहेत, तेवढेच कार्यालयांतही आहेत. गावातले गैरसमज हसून सांगितले जातात, कार्यालयातले परिपत्रक होऊन येतात. म्हणून दोन्हीकडचे घेतो. गावातल्यांपासून सुरुवात करतो, कारण ते लवकर संपतात.

गैरसमज: बिल्ल्यात चिप असते. ढोर कुठं चरतं, कोणाच्या वावरात शिरतं, ते सरकारला दिसतं.

दिसत नाही. बिल्ला म्हणजे दोन तुकड्यांचं मऊसर प्लास्टिक, वजन आठेक ग्रॅम, वर छापलेले आकडे आणि बारकोड. त्यात ना बॅटरी, ना सिम. कोणी तरी जनावरासमोर उभं राहून तो नंबर मोबाइलमध्ये टाकेपर्यंत त्या बिल्ल्याला कशाचाच पत्ता नसतो. आमच्याकडे एकाने तर बैलाच्या बिल्ल्याला चार्जिंग लागतं का म्हणून विचारलं होतं. तो गमतीने विचारत होता, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

गैरसमज: बिल्ला मारला की कान सडतो.

इथे मात्र हसण्यावारी नेऊ नये. बिल्ला नीट मारायचा तर कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या बेचक्यात, आधी जागा पुसून, औषध लावून मारायचा असतो. चिमटा दाबला की कट्ट आवाज येतो, जनावर एकदा मान झटकतं आणि पुढच्या मिनिटाला कडब्यात तोंड घालतं. असं झालं तर आठवड्यात जखम भरते. पण एका माणसाला एका सकाळी शंभर-दीडशे ढोरं उरकायची असतात, ढोर खुंट्याला नुसतं दाव्यानं बांधलेलं असतं, धरायला घरातला पोरगा असतो. चिमटा शिरेवर बसतो. रक्त येतं. पावसाळ्याचे दिवस असले तर त्या रक्तावर माशी बसते आणि चार दिवसांत जखमेत अळ्या वळवळतात. एखाद्या गाईचा कान असा चिघळलेला पाहिला की अख्खी गल्ली बिल्ल्याच्या विरोधात जाते. त्यातून पुढे काट्याकुंपणात बिल्ला अडकून कान फाटणं वेगळंच. कान सडतो तो बिल्ल्यामुळे नाही, घाईमुळे. पण शेतकऱ्याला दिसतो तो बिल्ला. आणि घाई ज्याने लावली तो त्याला दिसतच नाही, तो जिल्ह्याच्या टक्केवारीच्या तक्त्यात बसलेला असतो.

गैरसमज: बिल्ल्यामुळे ढोर चोरीला जात नाही.

चोराकडे विळा असतो. पुढे जाऊ.

गैरसमज: बिल्ला फुकट आहे, म्हणजे शेतकऱ्यावर भार नाही.

कार्यालयाला हा युक्तिवाद फार आवडतो. बिल्ला खरंच फुकट मिळतो. २०१७च्या जानेवारीत केंद्राने दुभत्या गाई-म्हशींना बिल्ले मारायची मोहीम देशभर काढली, तेव्हा एका बिल्ल्याची किंमत आठेक रुपये सांगितली गेली होती आणि तीही सरकारच भरणार होतं. आठ रुपयांचा भार कुठल्या शेतकऱ्याला होणार?

भार बिल्ल्याचा नसतो, बिल्ल्याभोवतीच्या फेऱ्यांचा असतो. वासरू झालं, नोंद. बिल्ला पडला, नवा बिल्ला आणि जुन्या नंबरला नवा जोडायची नोंद. बैल विकला, मालकबदलाची नोंद. गाय मेली, मृत्यूची नोंद. मोबाइल नंबर बदलला, तीही नोंद, नाही तर ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो. आणि यातली एकही नोंद शेतकऱ्याला घरबसल्या निश्चिंतपणे करता येत नाही. त्यासाठी पशुधन पर्यवेक्षक गाठावा लागतो. त्याच्याकडे एक गाव असतं असं नाही, गावांची माळ असते. लसीकरण त्याने करायचं, रेतन त्याने करायचं, पशुगणना त्याने करायची आणि रात्री घरी बसून दिवसभराचे नंबर प्रणालीत त्यानेच चढवायचे. त्याला मी दोष देत नाही.

ज्याच्या गोठ्यात शंभर होल्स्टाइन आहेत त्याच्याकडे या कामाला पगारी माणूस असतो, संगणक असतो, स्वतःचा डॉक्टर असतो. त्याच्यासाठी हा बिल्ला आयती वही आहे. ज्याच्या कोठ्यात एक बैलजोडी, एक गाय आणि एक कालवड आहे, त्याचा एक दिवस म्हणजे डवरणीचा एक दिवस. वाफसा असताना बैल वावरात नसून बिल्ल्यासाठी रांगेत उभे, यातलं नुकसान कोणत्याही तक्त्यात येत नाही. पाऊस लागला की पऱ्हाटीतलं तण पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

बिल्ल्याला अनुदान बांधलं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०२४च्या जानेवारीत सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं, ११ जानेवारी ते १० मार्च एवढ्या काळासाठी. अट अशी की दूध सहकारी संघाला किंवा खासगी प्रकल्पाला घातलेलं हवं, गाईच्या कानात बिल्ला हवा, तिची नोंद प्रणालीत हवी, मालकाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं, आणि ही तिन्ही टोकं एकमेकांना जुळलेली हवीत. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं, कारण खोट्या गाई दाखवून पैसे उचलणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण आमच्या भागात दोन लिटर, चार लिटर दूध असणारा माणूस संघाला कमी आणि रतिबाला जास्त घालतो. वर्ध्याच्या घरांत, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत. तो पहिल्याच अटीत बाहेर. जो संघाला घालत होता त्याचं नाव आधारवर एक, बँकेत एक आणि बिल्ल्यामागे तिसरंच. वडिलांच्या नावावर गाय, मुलाच्या नावावर खातं, सुनेच्या हातात दोहन. दूध एकच, पण तीन ठिकाणी तीन माणसं. ज्याला पाच रुपयांची सगळ्यात जास्त गरज होती तोच नाव जुळवत बसला.

गैरसमज: बिल्ला नसेल तर इलाज करू नका, असं कायदाच सांगतो.

आधार घेतला जातो तो 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९' या केंद्रीय कायद्याचा. तो कायदा काढून वाचावा. रोगाची लागण दिसली तर मालकाने कळवावं, असं तो सांगतो. लस दिलेल्या जनावराला डाग देऊन, गोंदून किंवा कानात बिल्ला मारून खूण करावी, दाखला द्यावा, असं सांगतो. रोग पसरलेल्या क्षेत्रातून जनावरांची ने-आण आणि बाजार थांबवण्याचा अधिकार देतो. म्हणजे खूण आहे ती लस टोचल्याची. आजारी जनावर दारात आलं आणि त्याच्या कानात बिल्ला नाही म्हणून ते परत पाठवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणेल कसं? रोग आवरायला केलेला कायदा आहे तो. आजारी ढोर दवाखान्यापासून लांब ठेवलं तर रोग आवरणार की पसरणार? लाळ्या-खुरकूत झालेली गाय बिल्ला नाही म्हणून घरीच राहिली, तर तिची लाळ शेजारच्या गव्हाणीत जाते, आणि शेजारच्या बिल्लेवाल्या बैलाला ती बिल्ला विचारत नाही.

खूण हे साधन होतं. ते दवाखान्याच्या फाटकावरचं तिकीट कधी झालं, हे कोणी सांगत नाही.

गैरसमज: बिल्ल्याच्या सक्तीला विरोध म्हणजे लसीला विरोध.

हा आरोप ऐकला की मला २०२२ आठवतं. त्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. बैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी, पायाला सूज, गळणारे डोळे. तेव्हा लस टोचून घ्यायला लोकांनी स्वतः ढोरं हाकत आणली. कोणाला ओढून आणावं लागलं नाही. दगावलेल्या जनावरांना सरकारने गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये दिले, तेही चांगलंच केलं. या शेतकऱ्याला कोणी लसीचा वैरी म्हणत असेल, तर त्याने २०२२मध्ये कोठ्यात पाऊल टाकलेलं नाही.

आणि बिल्ल्याचा उपयोग मी नाकारत नाही, उलट थोडं जास्तच सांगतो. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला, हे दोन रोग त्याचं लक्ष्य. लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा, वर्षानुवर्षं द्यावी लागते. कोणत्या ढोराला दिली, कोणतं राहिलं, हे नंबराशिवाय कळणं कठीण. ब्रुसेल्लाची लस तर चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदा. पुढे ती गाय झाली, विकली गेली, दुसऱ्या तालुक्यात गेली, तरी तिला ती मिळाली होती हे कळायला खूण हवीच. गाभ टाकणाऱ्या गाईची वार उघड्या हाताने काढणाऱ्या बाईला ब्रुसेल्ला होतो, तेव्हा हा केवळ ढोराचा प्रश्न राहत नाही. इंग्लंडात २००१ साली लाळ्या-खुरकूत पसरला तेव्हा मेंढ्या बाजारा-बाजारातून कुठे कुठे गेल्या याचा माग लागता लागेना, आणि शेवटी साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. नोंद नसण्याची किंमत काय असते ते तिथे कळलं.

आपली गवळाऊ जातच घ्या. पांढरी, अंगाने लांब, चालीला चपळ, आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या नंदगवळ्यांनी राखलेली. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. कोणत्या वळूची कोणती कालवड, तिचं दूध किती, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं तरच ही जात टिकेल, आणि त्याला बिल्ल्यासारखं दुसरं साधन नाही. फक्त नंबर चढवणाऱ्याने घाईत गवळाऊच्या जागी 'गावठी' लिहू नये. एकदा लिहिलं की ती गाय कागदोपत्री गावठीच मरते.

गैरसमज: बिल्ला असला की बाजारात आणि रस्त्यात कोणी अडवत नाही.

आमच्याकडे ज्यांना बैल विकायचा असतो त्यांची खरी भीती ही आहे, आणि ती पारावर मोठ्याने बोलली जात नाही.

मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारा बैल कामातून गेला की पूर्वी तो हेड्याला जायचा आणि त्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा यायचा. शेतकऱ्याचं भांडवल असं फिरायचं. आता म्हाताऱ्या बैलाचा भाव पडला, आणि विकला तरी त्याचं पुढे काय होईल याची धास्ती उरली. त्यात बिल्ला आला. बिल्ल्यामागे नाव माझं. मी बैल बाजारात विकला, रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, पावती फाडली, पैसे घेतले, घरी आलो. मालकबदलाची नोंद झालीच नाही. सहा महिन्यांनी तो बैल कुठल्या तरी रस्त्यावर गाडीत सापडला तर फोन कोणाला येणार? विकलेल्या मोटरसायकलीचं आरसी आपल्याच नावावर राहिल्यासारखं आहे हे. मोटरसायकल निदान स्वतःहून म्हातारी होऊन कोणाला नकोशी होत नाही.

गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नकोत, पशुवैद्यकाचा दाखला हवा, असे वाहतुकीचे नियम १९७८पासून आहेत. ते जनावराच्या भल्याचे आहेत. पण रस्त्यात गाडी अडवणारा दरवेळी पोलीस असतोच असं नाही. आणि जो नसतो तो बिल्ला स्कॅन करत बसत नाही. २०२५च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने या त्रासाला कंटाळून जनावरांची खरेदीच बंद ठेवली. म्हशींचेही भाव कोसळले, आणि बाजारात ढोर घेऊन गेलेला शेतकरी ते तसंच परत घेऊन आला. बिल्ला होता, कागद होते, गिऱ्हाईक नव्हतं.

कागदाने जनावराचं रक्षण होतं या समजुतीची एक मोठी परीक्षा २०१७मध्ये झाली. २३ मे २०१७ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने गुरांच्या बाजारांचे नियम काढले. विकणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं, हे जनावर कत्तलीसाठी विकत नाही असं लिहून द्यायचं. घेणाऱ्याने आपण शेतकरी असल्याचा कागद दाखवायचा आणि सहा महिने ते विकायचं नाही. विक्रीच्या पुराव्याच्या पाच प्रती: एक विकणाऱ्याला, एक घेणाऱ्याला, एक तहसीलला, एक पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला, एक बाजार समितीला. बैलाच्या पाठीवर फायली लादायच्याच काय त्या राहिल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आठवड्याभरात स्थगिती दिली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू ठेवली, आणि केंद्राला ते नियम फेरविचारासाठी बाजूला ठेवावे लागले. विरोध केला की नियम बदलतात, हे त्यातून शिकण्यासारखं. पाच प्रतींची सवय मात्र गेलेली नाही, ती आता एका ॲपमध्ये मावते एवढंच.

गैरसमज: सगळ्यांना एकच नियम, म्हणजे न्याय.

हे वाक्य अमेरिकेतही चाललं होतं. डिसेंबर २००३मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गाईला मॅड काऊ रोग निघाला आणि तिथल्या कृषी खात्याने प्रत्येक जनावराला नंबर, प्रत्येक गोठ्याला नंबर आणि प्रत्येक हालचालीची नोंद अशी योजना पुढे आणली. त्यात एक गंमत होती. कंपनीच्या शेडमधली हजारो डुकरं किंवा कोंबड्या जन्मापासून एकत्र वाढत असतील तर त्या सगळ्यांना मिळून एकच गटक्रमांक चालणार होता. अंगणात दहा-वीस जनावरं पाळणाऱ्याला मात्र प्रत्येकाची वेगळी नोंद. लहान शेतकऱ्यांनी गावोगावच्या सभांत जाब विचारला, आणि फेब्रुवारी २०१०मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी ती योजना गुंडाळली. नंतर जे नियम आले ते मुख्यतः राज्याची हद्द ओलांडणाऱ्या जनावरांपुरते. जे ढोर गावातच जन्मतं, गावातच नांगर ओढतं आणि गावातच मरतं, त्याची हालचाल कळून कोणाला काय करायचं आहे, असा साधा प्रश्न तिथल्या शेतकऱ्याने विचारला. आमच्या बैलाची हालचाल कोठा ते वावर आणि वावर ते कोठा.

गैरसमज: नोंद असली की भरपाई आपोआप मिळते, म्हणून बिल्ल्याची अट शेतकऱ्याच्याच हिताची.

वीज पडून बैल मेला तर आपत्ती निवारणाच्या निकषांप्रमाणे ३२ हजार रुपये, दुभती गाय किंवा म्हैस असेल तर ३७ हजार ५००, वासराला २० हजार. खरांगण्याकडच्या जंगलालगत बिबट्याने किंवा वाघाने मारलं तर वनखात्याकडून बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत. बोरचं जंगल २०१४मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हापासून हा हिशेब आमच्या पट्ट्यात अनेकांना तोंडपाठ आहे.

आता पाहा. या दोन्ही भरपाईंसाठी पंचनामा होतोच. तलाठी येतो किंवा वनरक्षक येतो, पशुवैद्यकीय अधिकारी मेलेलं जनावर तपासतो, पंच सह्या करतात, फोटो निघतात. जनावर होतं, ते या माणसाचं होतं, ते वीज पडून किंवा वाघाच्या दातांनी मेलं, हे चार माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एवढं झाल्यावर कानात आठ रुपयांचा बिल्ला नाही म्हणून ३२ हजार नाकारायचे? बिल्ल्याने खोटा दावा पकडला जातो, हे कबूल. पण ज्या दाव्याचं प्रेत समोर पडलेलं आहे तो पकडायला बिल्ला कशाला? आणि वाघाने खाल्ल्यावर कानच उरला नाही तर?

विमावाले फार पूर्वीपासून बिल्ला मागतात. पण विमा हा करार असतो, पटला तर घ्या. वीज करार करून पडत नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. आजारी जनावराला आधी तपासा, बिल्ला त्याच भेटीत मारा. मालकबदलाची नोंद गुरांच्या बाजारातच, पावती फाडतानाच होऊ द्या, तिथे तसा एक माणूस बसवा. पंचनामा असेल तर भरपाईला बिल्ल्याची अट नको. पाच-सात ढोरांच्या आतल्या कोठ्याला नोंदीचं काम सांगू नका, लसीच्या दिवशी येणाऱ्या माणसानेच ते करावं, आणि त्याच्या हाताखाली आणखी माणसं द्या. जिथे रेंज नाही तिथे कागदावरची नोंद चालू द्या. 'पशुधन विकास' असं खात्यातल्या पदांचंच नाव आहे, ते नाव सार्थ करायला एवढं पुरे आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या शेजारच्या काकाजींचा डाव्या जूचा बैल दुपारी वावरातून आला तो फुगलेलाच. कोवळा हिरवा चारा हावरटासारखा खाल्ला होता. डावी कूस ढोलासारखी वर आलेली, बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजणारी. बैल मान लांब करून तोंडाने श्वास घेत होता. पोटफुगीत हातात तास-दोन तास असतात, कधी तेवढेही नाहीत. गोडेतेल पाजलं, उतार पडेना. छोट्या मालवाहू गाडीत घालून एका दवाखान्यात नेला. कोणता ते लिहीत नाही.

तिथल्या टेबलावरच्या माणसाने आधी विचारलं, "बिल्ला हाये का जी?"

बिल्ला नव्हता. उन्हाळ्यात पडला होता.

"मंग पयले बिल्ला माराव लागते. नोंद झाल्याशिवाय केसपेपर निघत नाही."

मोबाइल काढला. रेंज येत होती, जात होती. ओटीपी काकाजींच्या मुलाच्या नंबरवर गेला, मुलगा पुण्याला कामावर, फोन उचलेना. बैल गाडीतच गुडघ्यावर बसला. काकाजी काही बोलले नाहीत, नुसते गाडीच्या फळीला धरून उभे राहिले.

तेवढ्यात आतून डॉक्टर आले. तरुण मुलगा, बाहीला शेणाचा डाग. त्यांनी एकदा बैलाकडे पाहिलं आणि टेबलाकडे न पाहता आत वळले. परत आले ते हातात ट्रोकार घेऊन. डाव्या कुशीवर जागा पुसली, नळी आत गेली, आणि सुस्सऽऽ करून असा वास सुटला की फाटकाबाहेरच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. दहा मिनिटांत कूस खाली आली. अर्ध्या तासाने बैल उभा राहिला.

मग डॉक्टर टेबलाकडच्या माणसाला म्हणाले, "आता मार बिल्ला."

बिल्ला मारला. मुलाचा फोन लागला, ओटीपी आला, नोंद झाली, केसपेपर निघाला. कागदावर सगळं नियमाप्रमाणे आहे, आधी बिल्ला आणि मग इलाज. खरा क्रम त्या बैलाला आणि आम्हाला माहीत आहे. हा नियम आजवर चालला असेल तर तो अशाच डॉक्टरांनी मोडल्यामुळे.

घरी आल्यावर काकाजींनी कोळशाचा तुकडा घेतला आणि कोठ्याच्या भिंतीवर, दावणीच्या वर, ते बारा आकडे मोठाले लिहून ठेवले, पुन्हा पडला तर सांगायला बरं म्हणून. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी सवयीने कोठ्याला चुना मारला. दिवाळीनंतर बैल बाभळीच्या कुंपणात घुसला. आता त्याच्या कानाला नुसतं भोक आहे.